टाकीतलं हसू

नव्या इमारतींच्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्यांना आतून काळा लेप मारतात. लेप मारायला दादांचा जावई आत उतरायचा आणि दादा वर टाकीच्या तोंडाशी उकिडवे बसायचे. हातात दोर, त्याचं दुसरं टोक जावयाच्या छातीच्या पट्ट्याला. शेजारी पंखा, आणि बाहेरची हवा आत ढकलणारा त्याचा रुंद कापडी पाइप टाकीत सोडलेला. लेपात थिनर असतं. बंद जागेत त्याचा वास साचला की माणसाचं आधी डोकं फिरतं आणि मग पाय जातात.

"बसून पगार खावा तर असा!" मिस्त्री येता-जाता टोमणा मारायचा. दादा ऐकून घेत. त्यांचे कान आत लागलेले असत. वरच्याने सारखं काही ना काही विचारत राहायचं आणि आतल्याने उत्तर द्यायचं, ही त्यांची जुनी रीत.

"जावईबापू, धाकटीचं नाक कुणावर गेलंय?"

"तुमच्यावर, मामा. म्हणून तर काळजीत आहे!"

उत्तर धड आलं की दादा दोर सैल सोडायचे.

ही रीत त्यांनी मेहुण्याबरोबर पाडली होती. मेहुणा म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ. सगळे त्याला गमत्याच म्हणत. तेव्हा पंखाबिंखा काही नव्हता. तोंडाला फडकं बांधलं की झालं. फडक्याने धूळ अडते, वास अडत नाही, हे दोघांनाही कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी दादांनी वरून विचारलं, "किती राहिलं रे?"

"भिंतच पळतेय, दाजी!" गमत्या म्हणाला आणि हसत सुटला. दादांना वाटलं, ह्याचं नेहमीचंच. तेही वर पोट धरून हसले. आतलं हसू लांबत लांबत गेलं आणि एकदम थांबलं. दोर ओढला तेव्हा गमत्या सिमेंटच्या गोणीसारखा वर आला.

बायकोने एवढंच विचारलं होतं, "शेवटी काही बोलला का हो?"

"हसत होता," दादा म्हणाले. ते खोटं नव्हतं.

तेवढ्यावर तिने स्वतःला सावरलं. आल्यागेल्याला सांगायची, "माझा भाऊ हसत गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही." सांगताना तिचा चेहरा निवायचा. पुढे लेप विकायला आलेल्या एका माणसाकडून दादांना कळलं की असं हसू ही वास डोक्यात गेल्याची पहिली खूण. घरी येऊन ते तोंडातून काढायची त्यांची हिंमत झाली नाही. जावयालाही सांगितलं नाही. त्याच्याकडून ते लेकीला कळलं असतं आणि लेकीकडून आईला. ते हसू मग दादा एकटेच ऐकत राहिले. घरात नातवंडं खिदळली तरी त्यांची मूठ आवळायची, दोर धरल्यासारखी.

एका दुपारी मिस्त्रीला फरशी कापायचं मशीन लावायचं होतं. त्याने पंख्याचा प्लग काढला आणि आपला लावला. मशीनच्या किंचाळण्यात पंखा बंद पडलेला दादांना कळलाच नाही.

"जावईबापू, डब्यात आज भाजी कुठली होती?"

आतून काहीच नाही. मग हसू. "भाजी... अहो मामा, भाजी!" आणि पुन्हा तेच हसू, लांबत जाणारं.

दादांनी दोर ओढला. ओरडले. दोन बिगारी धावत आले. वर येताना जावयाचा खांदा कठड्यावर चांगलाच खरवडला. तो वाळूत ओकला आणि श्वास घेऊन उसळला, "हसलो तर काय गुन्हा केला, मामा? जीव घेताय का?"

दादांनी लोळागोळा होऊन पडलेल्या पाइपकडे बोट दाखवलं. "आधी हसू येतं," ते म्हणाले. "मग पाय जातात." इतकी वर्षं आत ठेवलेलं असं निसटलं. मिस्त्री प्लग बदलायला गेला.

संध्याकाळी लेक नवऱ्याच्या खांद्याला औषध लावत होती. "मामांनी ओढलं म्हणून वाचलो," जावई सांगत होता. "मी वेड्यासारखा हसत होतो. ती पहिली खूण असते म्हणे."

दादांची बायको ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आली. "कशाची खूण?"

जावयाने दादांकडे पाहिलं.

"अहो, मी तुम्हाला विचारतेय."

"वास डोक्यात गेल्याची," दादा म्हणाले.

ती दारातून पुढे आली. "मग माझ्या भावाला का नाही ओढलंत?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं गं. मला वाटलं, गंमत करतोय," दादा म्हणाले. "मीही हसत होतो."

ती आत गेली. नळ खूप वेळ वाहत राहिला. बाहेर आली ती दादांकडे न बघता जावयासमोर उभी राहिली. "हे वर नसतील तर आत उतरायचं नाही. ऐकलंत?"

जावयाने मान डोलावली.

आताही कधी पाहुण्यांत तिच्या भावाचा विषय निघतो. ती 'हसत गेला' म्हणत नाही, उठून आत जाते. पाहुणे दादांकडे बघतात. दादा दोन्ही हात मांडीवर ठेवून, आतून तिची चाहूल येईपर्यंत तसेच बसून राहतात.