बेटावरचा पिंपळ

दीक्षा ओव्हाळला लहानपणापासून एक खोड होती. कुठलीही गोष्ट ‘असतं असं’ म्हणून ती सोडून द्यायची नाही. विश्रांतवाडीच्या घरात पंखा कुरकुरायला लागला की वडील, तात्याराव, तेलाची बाटली काढायचे; ही आधी स्टुलावर चढून आवाज नेमका कुठून येतो ते शोधायची. शेजारणी म्हणायच्या, “हिला वकील करा, चांगली भांडेल.” वकिली काही जमली नाही, पण खराडीतल्या एका आयटी कंपनीत ती टेस्टर झाली. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा. असल्या माणसाला याहून सुखाची नोकरी कोणती?

ऑफिस सहाव्या मजल्यावर. खाली मुळा-मुठा, आणि पात्राच्या मधोमध एक बेट. वाळू, गोटे, जरासं खुरटं गवत, बस्स. भोवती खोल पाणी आणि जलपर्णी, त्यामुळे कुत्री तिकडे फिरकत नाहीत. म्हणूनच उन्हाळ्यात टिटव्या तिथे अंडी घालायच्या. घरटं असं नाहीच, उघड्या गोट्यांत गोट्यांच्याच रंगाची अंडी. दीक्षाने ऑफिसात एक दुर्बीण आणून ठेवली होती, आणि दुपारच्या डब्याआधी बेटावर नजर टाकल्याशिवाय तिला घास जात नसे.

ते उघडं बेट कंपनीच्या डोळ्यांत खुपलं. दीक्षाचा मॅनेजर अभय हौशी माणूस. “केवढं ओसाड पडलंय! आपण हिरवं करू,” तो म्हणाला, आणि एका शनिवारी सगळा स्टाफ एकसारखे टी-शर्ट घालून मच्छिंद्र भोईच्या होडीतून पलीकडे गेला. प्रत्येकाचं एक झाड, त्याला बांबूचा आधार, वर नावाची पाटी. बाकीच्यांनी नर्सरीतली रोपं लावली. दीक्षाने नेला तो तात्यारावांचा पिंपळ. बुद्धपौर्णिमेला त्यांनी तो तेलाच्या डब्यात लावला होता आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत ते गेले. “गॅलरीत किती दिवस कोंडून घालणार बाबांच्या झाडाला? जमिनीत लाव,” असं म्हणून आईने, ललिताबाईंनी, डबा तिच्या हातात दिला होता. पुढे ललिताबाई अधूनमधून रविवारी नदीकाठी येत, पलीकडच्या पिंपळाकडे बघत उभ्या राहत आणि बरं वाटून घरी जात. झाड झपाट्याने वाढलं. दोन-तीन पावसाळ्यांत ते बेटावरचं सगळ्यांत उंच झाड झालं.

आणि टिटव्यांची पिल्लं दिसेनाशी झाली. अंडी असायची, पिल्लं नाहीत.

“पोल्यूशन गं, दुसरं काय,” अभय म्हणाला. मच्छिंद्र म्हणाला, “साप असंल, ताई.” कॅन्टीनमध्ये तर कुणी मोबाइलच्या टॉवरपर्यंत पोचलं. दीक्षाला यातलं काहीच पटेना. ती सकाळी लवकर ऑफिसला यायला लागली आणि चहाचा कप घेऊन खिडकीशी बसू लागली.

टिटवी महा बनेल पक्षी. ती कधीच थेट अंड्यांवर उतरत नाही. लांब कुठेतरी उतरते, इकडेतिकडे चोच मारल्याचं नाटक करते आणि चालत चालत, कुणाचं लक्ष नाही असं पाहून अंड्यांवर बसते. जमिनीवरून बघणारा हमखास फसतो. दीक्षा सहाव्या मजल्यावरून बघत होती म्हणून फसली नाही. आणि एका सकाळी तिच्या लक्षात आलं, की वरून बघणारं आणखीही कुणीतरी आहे. टिटवी पाणी प्यायला उठली मात्र, एक कावळा सरळ खाली आला आणि अंड्यांपाशीच उतरला. शोधाशोध नाही, काही नाही.

चूक सापडली! दीक्षाला मनापासून आनंद झाला. मग कावळा आला कुठून ते पाहायला तिने दुर्बीण जरा वर केली. पिंपळाच्या शेंड्यावर दुसरा कावळा पंख साफ करत बसला होता.

तरीही तिने होडीतून जाऊन ताडून पाहिलं. बेटाच्या दुसऱ्या, खिडकीतून न दिसणाऱ्या टोकाला नुसता कातळ होता, तिथे कुणाचं झाड जगलं नव्हतं. तिथली पिल्लं मात्र आईमागे तुरुतुरु पळत होती. आता शंकेला जागाच उरली नाही.

झाडं बेटावरून हलवावी लागणार हे ऐकून अभयला घाम फुटला. “अगं, वार्षिक अहवालाच्या कव्हरवर तेच बेट आहे!” पण माणूस सरळ होता, दुर्बिणीतून स्वतः पाहिल्यावर त्याने वाद घातला नाही. परवानगीचे कागद हलता हलता हिवाळा आला. मच्छिंद्रने रोपं काढून होडीत भरली, काठावर नेऊन लावली. पिंपळापाशी मात्र तो थांबला. त्याची मुळं वाळूखालच्या कातळात शिरली होती, अख्खा निघणं शक्य नव्हतं.

“तोडावाच लागंल. पन पिंपळाला आपन हत्यार लावनार न्हाय, ताई. ऱ्हाऊ द्या की येकच हाय.”

दीक्षाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. एक चूक राहू दे म्हणणाऱ्या टेस्टरला कोण नोकरीवर ठेवील?

घरी तिने आईला सगळं सांगितलं. ललिताबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

“बोधिवृक्ष आहे तो. बाबांच्या हातचा,” त्या म्हणाल्या. “आणि कावळ्यानं अंडी खाणं हा निसर्गच ना?”

“कावळा निसर्गाचा, आई. झाड आपण नेलं.”

ललिताबाईंनी घातलेली घडी मोडली, पुन्हा घातली.  रविवारी सकाळी दीक्षा करवत घेऊन निघाली, तेव्हा त्या चप्पल घालून दारात उभ्या होत्या. “चल, मी पण येते.”

बेटावर दीक्षाने करवत हातात घेतली खरी, पण ती खोडाला टेकवेना. आयुष्यभर चुका शोधल्या. ही काढायला हात उठत नव्हता. मच्छिंद्र होडीत पाठ फिरवून बसला होता.

ललिताबाई पुढे आल्या. त्यांनी खोडावर हात ठेवला आणि, कुणाकडे गप्पांत वेळ झाला की तात्यारावांना उठवताना जसं म्हणायच्या, तसंच हळू म्हणाल्या, “अहो, चला आता. लोकांचं घर आहे, किती वेळ बसायचं?”

मग त्यांनी लेकीच्या हातून करवत घेतली.