विजेवरची करवत आणि आप्पांची बोटं

रविवारी मैंदर्गीला माहेरी गेले होते. चार दिवस झाले, आज लिहायला बसले, कारण तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी हेच चालत असेल.

आमच्या घरी गॅस आहे. पण अंघोळीचं पाणी बंबावर आणि आईची भाकरी चुलीवर, त्यात कुणी काही बोलायचं नाही! सरपण म्हणजे बांधावरची वेडी बाभूळ. आप्पा, म्हणजे माझे वडील, सत्तरीतही कुऱ्हाड घेऊन तिच्यावर तुटून पडायचे. गेल्या वर्षी खांदा धरला, तेव्हा कुठे मशीन घ्यायला तयार झाले.

आणि मग सुरू झालं आम्हा बहीणभावाचं महाभारत...

धाकटा भाऊ संतोष गावातच असतो, शेती बघतो. तो पेट्रोलच्या करवतीवर अडून बसला. मित्राकडून एक आणूनही ठेवली. दोरी ओढ ओढ ओढायची, मग ती खोकत खोकत सुरू होणार, धूर सोडणार, आणि आवाज असा की शेळ्या दावं तोडायला बघतात. आप्पांच्या खांद्याला ती दोरी झेपणार होती का?

मी सोलापुरात, सात रस्त्याला ऑफिस. लंच टाइममध्ये व्हिडिओ बघून बघून मी करवतींची तज्ज्ञ झाले होते! विजेवरची हलकी, धूर नाही, आवाज कमी. संतोष म्हणायचा, अक्का, गावात लाईट असते कुटं? मी म्हणायचे, तू माझं काही चांगलं म्हणशील तर शपथ.

शेवटी मीच ऑनलाइन मागवली, स्वस्तातली. तिची एक गोष्ट तर मी सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले होते... बटण पुढे सरकवलं की तिथेच अडकून राहतं, सारखं दाबून धरावं लागत नाही. आप्पांची बोटं दुखतात ना. म्हटलं, बनवणाऱ्याने किती विचार केलाय!

रविवारी सकाळी ओसरीवरच्या बोर्डात प्लग लावला, लांब वायर अंगणात ओढली. आप्पांनी दोन ओंडके बघता बघता कापले. लई हलकी हाय की गं, म्हणाले. मी संतोषकडे बघून भुवया उडवल्या.

तिसऱ्या ओंडक्यात करवत अर्ध्यावर होती आणि लाईट गेली. संतोष असा काही हसला की विचारू नका. आईने सवयीने ओसरीवरच्या बल्बचं बटण चालू करून ठेवलं, म्हणजे लाईट आली की कळतं. तुम्हीही असंच करत असाल.

आप्पांनी करवत हिसका देऊन बाहेर काढली. दगडावर बसले, ती मांडीवर घेतली आणि तिच्या दातेरी चेनमध्ये गुंतलेले सालीचे तंतू बोटांनी उपसायला लागले... मेथी निवडावी तसे, निवांत. मी समोर बसून त्यांच्याशी गप्पा मारत होते. मला काहीही वाटलं नाही. हेच मला अजून पचत नाहीये.

संतोषला मात्र जोर चढला होता. थांबा, माझी पेट्रोलची आणतो म्हणाला आणि जाता जाता ओसरीवर चढून माझा प्लग उपटला. वायर गुंडाळायला लागला, मुद्दाम, मला दाखवून दाखवून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी ओरडले, "राहू दे की तो प्लग! लाईट आली की आपोआप चालू होईल!"

वाक्य पुरतं संपलं नसेल... ओसरीवरचा बल्ब लागला.

भर उजेडात तो पिवळा बल्ब. प्लग संतोषच्या हातात. आणि आप्पांची चार बोटं चेनच्या दातांत. मी करवतीच्या बटणाकडे बघितलं... ते पुढेच होतं. लाईट गेल्यावर ते मागे घ्यायचं ना आप्पांना सुचलं, ना मला.

आपोआप चालू होईल. मीच म्हटलं होतं हो...

आप्पा म्हणाले, "आली की लाईट. लाव की रं."

संतोषने प्लग बोर्डापासून लांब नेला. मी आप्पांच्या मांडीवरून करवत उचलली, त्यांना बटण दाखवलं, काय झालं असतं ते सांगितलं. सांगतानाच मला रडू फुटलं. त्यांनी अंगठ्याने ते बटण मागे सरकवलं. मग हात धुवायला हौदाकडे गेले.

महिनाभर मी धूर, आवाज, वजन यावर भांडले. पेट्रोलचीही काही गरीब गाय नाही, पण एकदा बंद पडली की दोरी ओढल्याशिवाय सुरू होत नाही. विजेवरची गप्प झाली की वाटतं, मेली. ती मेलेली नसते, लाईटची वाट बघत असते. बाबांनो, चेनला हात लावायच्या आधी प्लग काढा. आणि बटण अडकून राहणारी करवत घरात आणूच नका. आमच्या करवतीची वायर संतोषने त्याच दिवशी कापून टाकली, मी हूं की चूं केलं नाही.

देवाचे आभार मानलेच. पण खरं सांगू, माझा भाऊ तेव्हा शहाण्यासारखा वागला असता, मला चिडवायला प्लग काढला नसता, तर... पुढचं लिहवत नाही.

दुपारी जेवायला बसलो. आप्पांनी भाकरी मोडली, आमटीत चुरायला लागले. मी आणि संतोष, दोघंही घास तसाच धरून त्यांच्या हाताकडे बघत होतो. त्यांच्या ते लक्षात आलं.

"हायेत की सगळी," ते म्हणाले. "जेवा आता."