काठावरची हाक

करडईच्या तेलाचा वास आला की सांगलीच्या घाटावरची ती गारठ्याची सकाळ आठवते. शर्यतीआधी माझ्या अंगाला तेल चोळायचं काम थोरल्या भावाचं. मी उताणा पोहायचो, पुढचं दिसायचं नाही. म्हणून तो काठाकाठानं पळत मला वाट सांगायचा. त्या साली तो नव्हता. ब्रह्मदेशच्या लढाईत कामी आला होता. तेल माझं मीच चोळलं आणि कृष्णेत उतरलो. वर पांढुरकं आभाळ, कानांत पाणी, आणि पायांपलीकडं मागं पडलेले गडी. तेवढ्यात काठावरून हाक आली, "डावीकडं घे रं, डावीकडं!" तोच आवाज, तीच घाई. मी झटकन पालथा होऊन बघितलं. कधी शर्यतीला न येणारे वडील धोतर सावरत काठानं पळत होते. उताण्या शर्यतीत पालथा झाला तो बाद. पंचांची शिट्टी वाजली. वडील गुडघाभर पाण्यात आले. "पुढं हुतास की रं! का वळलास?" मी त्यांचा हात धरून काठावर आलो. पुढं शर्यती जिंकल्या, पण काठावर कुणाला पळू दिलं नाही. आता म्हातारपणी माझाही आवाज त्या दोघांसारखाच झालाय म्हणतात. मी कुणाला लांबून हाक मारत नाही.