मेयरसाहेबांची औषधं

पोलिसाच्या नोकरीत बरंच काही विसरता येतं, आणि विसरावंही. म्हाताऱ्या मेयरसाहेबांचं प्रकरण मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही.

मी अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात पोलीस डिटेक्टिव्ह होतो. नागपूरहून शाळकरी वयात आईवडिलांबरोबर इकडे आलो. इंजिनियरचा मुलगा पोलीस झाला, हे दुःख वडिलांना शेवटपर्यंत होतं. गावातल्या मराठी मंडळींना मात्र मी फार सोयीचा. पार्किंगच्या दंडापासून हरवलेल्या पासपोर्टापर्यंत सगळी गाऱ्हाणी थेट माझ्या फोनवर यायची.

ही खबरही तशीच आली. ओळखीचे एक निवृत्त डॉक्टरकाका म्हणाले, "अरे, बिझी असशील तर नंतर कॉल कर, पण मॅटर सीरियस आहे. माझे शेजारी, ते फिलिपिनो मेयर, रोज माझ्याबरोबर वॉकला येतात. महिन्याभरात त्यांचे पाय सुजलेत, दहा पावलांत धाप लागते. हार्टची मेडिसिन्स रेग्युलर घेतो म्हणतात. मी जन्मभर पेशंट बघितले. त्या माणसाच्या पोटात औषध जात नाहीये."

मेयर म्हणजे एके काळचे, तिकडे फिलिपीन्समधल्या एका शहराचे महापौर. मासळी बाजारात बर्फ वाहणाऱ्याचा हा मुलगा. नगरपालिकेत कारकून म्हणून लागला, मग नगरसेवक झाला, मग सलग तीनदा मेयर. तिथे लागोपाठ चौथ्यांदा उभं राहता येत नाही, म्हणून बायकोला खुर्चीवर बसवून हे स्वतः संसदेत गेले. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. बायको वारल्यावर ते मुलीकडे राहायला आले. दिवाणखान्यात त्यांच्या कारकिर्दीचे फोटो होते: पूल, दवाखाना, नवा मासळी बाजार. पदं केव्हाच गेली, तरी सगळे त्यांना 'मेयर' म्हणूनच हाक मारत.

काकांच्या आग्रहामुळे त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. रक्तात हृदयाच्या औषधाचा अंशही सापडला नाही. घरचा आठवड्याच्या गोळ्यांचा डबा मी जप्त करून लॅबला पाठवला. त्यात दिसायला तशाच, पण साध्या व्हिटॅमिनच्या गोळ्या निघाल्या.

घरात मुलगी, जावई आणि मेयरना सांभाळणारी एक फिलिपिनो बाई. माझा संशय जावयावर. त्याचं सासऱ्याशी पटत नव्हतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दोन तास त्याला फैलावर घेतलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मला ते आवडत नाहीत, मान्य. सकाळी सातला तिकडच्या न्यूज फुल व्हॉल्यूमवर लावतात. म्हणून काय मी त्यांना मारीन?" त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. सोडून दिला.

उलगडा झाला तो हॉस्पिटलच्या खोलीत. मेयरना भेटायला त्यांच्याकडची माणसं येत होती. येणारा प्रत्येक जण वाकून त्यांचा हात आपल्या कपाळाला लावी. आपण पाया पडतो, तसाच त्यांचा नमस्कार. मी भारावून बघत बसलो. एवढी माणसं वाकतात म्हणजे माणूस मोठाच, असं मीही धरून चाललो होतो. मग ती बाई सूप घेऊन आली. मेयरनी हात पुढे केला. तिनं त्या हातात वाटी दिली आणि मागे सरली. आपल्या घरात एखादी सून नमस्कार न करता आत गेली, तर पाहुण्यांनी चपला काढायच्या आत सगळ्यांना कळतं. मलाही कळलं.

दुसऱ्या दिवशी तिला ठाण्यात बोलावलं. हक्क वाचून दाखवले, कॅमेरा चालू केला. वकील नको म्हणाली.

"त्या नव्या बाजाराच्या जागी माझे वडील मासे विकत. जागा सोडायला तयार नव्हते. एक दिवस गाळ्यांना आग लागली, वडील आतच होते. स्टोव्ह उलटला, असं कागदावर आलं. आमच्या गाळ्यात स्टोव्ह नव्हताच."

"मग त्यांना शोधत इथवर आलात?"

"नाही. एजन्सीनं पाठवलं. दार उघडलं आणि मी ओळखलं. नोकरी सोडणार होते. मग वाटलं, नाव तर सांगितलंय, कधीतरी विचारतील, तू कोणाची? आठ महिने जेवायला वाढलं. नाही विचारलं. मग गोळ्या बदलल्या."

"आणि विचारलं असतं तर?"

"त्याच दिवशी खऱ्या गोळ्या परत ठेवल्या असत्या."

मी हॉस्पिटलमध्ये गेलो. मेयरना हे कसं सांगायचं, याची वाटेत जुळवाजुळव करत होतो. त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"ती कोणाची, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आडनाव ऐकलं होतं. तोंडवळाही बापाचाच."

"आणि गोळ्या?"

"चव बदलली होती. म्हटलं, तिच्या मनात असेल तर होऊ दे."

मी हादरलो. इतकी वर्षं खुनी पाहिले, चोर पाहिले, असं उत्तर कधी ऐकलं नव्हतं. "मग एकदा तिच्याशी बोलायचं होतं."

"काय बोलणार? बाजार व्हायला हवा होता. आग लावा, असं मी कोणाला सांगितलं नाही. गावच्या सणाच्या आधी जागा मोकळी दिसली पाहिजे, एवढंच म्हणालो." मग म्हणाले, "माझी तिच्याविरुद्ध तक्रार नाही, तसं लिहून घ्या."

लिहून घेतलं. त्याचा उपयोग नव्हता. तिचा कबुलीजबाब कॅमेऱ्यावर होता. मेयरचं बोलणंही मी शब्दशः अहवालात घातलं आणि वर पाठवलं. त्यांच्या देशात ते कोणी वाचलं की नाही, मला कळलं नाही. खटला उभा राहायच्या आधीच मेयर गेले. या वेळी औषधं वेळेवर मिळत होती.

लोकांचा नमस्कार हा पुरावा नसतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो, आणि जरा उशिराच शिकलो. माणूस मरायला तयार होतो पण एक वाक्य बोलायला होत नाही, हेही तेव्हाच पाहिलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शिक्षा सुनावणार होते त्या दिवशी कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर ती आत बोलावण्याची वाट बघत बसली होती. सांगावं की नाही, कळत नव्हतं. पण तिला ठाऊक असण्याचा हक्क आहे, असं वाटलं. मी सांगितलं की त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ती स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली, "म्हणजे मीच विचारायला हवं होतं."