चावी एकाची, रोटर दुसऱ्याचा

कुरखेड्याच्या जीप स्टँडवर कोणी ‘पार्टनरशिप’ म्हटलं की लोक अजूनही माझ्याकडे बघतात. दोन मालकांचा एकच ड्रायव्हर होतो मी, किस्से साचणारच. नवरा-बायकोचं भांडण घरात राहते, मालकांचं ड्रायव्हरच्या कानात.

ऐंशीच्या पुढची गोष्ट. तुळशीरामभाऊचं धानाचं शेत, नामदेवभाऊचं किराण्याचं दुकान. दोघांनी मिळून लिलावातली जुनी पेट्रोल जीप घेतली. पहिल्याच संध्याकाळी तुळशीरामभाऊनं चावी खिशात टाकली. नामदेवभाऊनं मुकाट्यानं बॉनेट उघडलं, आतला सुपारीएवढा रोटर काढला आणि रुमालात बांधला. रोटर नसला की चावी कितीही फिरवा, गाडी ढिम्म.

“काऊन, भाऊ?” मी विचारलं.

“चावी त्याच्यापाशी, रोटर माह्यापाशी. पार्टनरशिप हाय.”

मग रोज हेच.

*

पुढं संशय माझ्यावर आला. वाटेत मी किती सवाऱ्या घेतो ते पाहायला तुळशीरामभाऊनं आपला साळा गाडीत बसवला. त्या साळ्यावर लक्ष ठेवायला नामदेवभाऊनं आपला साडू बसवला. दोन सीटा अशाच गेल्या, सवाऱ्या पायदानावर लटकल्या!

एकदा दोघंही एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून थेट ब्रह्मपुरीपर्यंत घोरले. संध्याकाळी मात्र दोघांनी छातीठोक आकडे सांगितले. आकडे जुळले नाहीत. शिव्या मी खाल्ल्या.

*

ब्रह्मपुरीच्या कॉलेजातले एक सर नेहमी यायचे. त्या दिवशी दोन्ही मालक गाडीत होते. सर म्हणाले, “पार्टनर शब्दाचं मूळ आहे वाटा. जुन्या काळी बापाच्या मागं इस्टेट वाटून घेणाऱ्या वारसांना तसं म्हणत.”

“म्हंजे पहिले कोनीतरी मरा लागते?” तुळशीरामभाऊनं विचारलं.

सर हसले. हे दोघं हसले नाहीत. पुढं आठ दिवस नामदेवभाऊनं तुळशीरामभाऊच्या हातचं पान खाल्लं नाही.

*

नामदेवभाऊची पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बुधवारी गाडीला सुट्टी असायची. अशाच एका बुधवारी नामदेवभाऊ चामोर्शीला मयतीला गेला, रोटर त्याच्या खिशात. इकडे दुपारी पोरीला कळा आल्या आणि रक्त थांबेना. सुईण म्हणाली, “माह्याच्यानं होत नाई. ब्रह्मपुरीले न्या.”

एसटी संध्याकाळशिवाय नव्हती. दारात जीप उभी, आणि मी नुसता तिच्याकडे बघत होतो. त्या दोघांचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

तुळशीरामभाऊ बनियनवरच धावत आला. एका हातात चावी, दुसऱ्या हातात रोटर.

“हा कुठचा, भाऊ?”

“बसव म्हनतो ना बे!”

बसवला. पोरगी वाचली, नात झाली.

दुसऱ्या दिवशी नामदेवभाऊ दवाखान्यात आला. नातीला मांडीवर घेऊन पोटभर रडला. मग डोळे पुसून म्हणाला, “रोटर तं माह्यापाशी होता. गाडी कशी आली?”

तुळशीरामभाऊनं मान खाली घातली. “दुसरा घेऊन ठेवला होता. पहिल्याच आठवड्यात.”

नामदेवभाऊनं खिशातून रुमाल काढला. मग त्यानं रुमालाची गाठ सोडली. रोटरशेजारी एक चावी होती.

“मीबी,” तो म्हणाला.

तीन वर्षं झाली होती गाडीला. मी रोज सकाळी किलोमीटरचा काटा बघायचो. माझ्याशिवाय ती कोणीच, एकदाही हलवली नव्हती.

संध्याकाळी आम्ही कुरखेड्याला परतलो. गाडी उभी केली. तुळशीरामभाऊनं चावी काढून खिशात टाकली. नामदेवभाऊनं बॉनेट उघडलं.