तिसरा तळहात

बद्रीनाथ सोनार अखेरपर्यंत एका बाईचे उपकार मानत राहिला. गंमत अशी, की ज्या दिवशी तिने ते केले त्या दिवशी सकाळपर्यंत त्याला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

मंठ्याच्या बाजारात त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक दार, एक पायरी आणि आत तिघं मांडी घालून बसले तर चौथ्याने उभं राहावं एवढी जागा. पाटी नाही, काचेचं कपाट नाही. नवा दागिना घडवायला लोक जालन्याला जायचे आणि तो मोडला, चेपला, सैल झाला की बद्रीनाथकडे यायचे. त्याचं त्याला काही वाटत नसे. "घडवणाराचं नाव होतं, सांधणाराला शिव्या भेटतात," असं तो हसत म्हणायचा आणि शेगडीवर फुंकर घालायचा.

शिव्या मात्र खरोखरच भेटायच्या. अंगठी बोटात असते तेव्हा माणूस वर्षानुवर्षं तिच्याकडे बघत नाही. सोनाराकडून परत घेताना मात्र ती जन्मात पहिल्यांदा नीट बघतो. मग कुणाला ती हलकी लागते, कुणाला तिचा रंग उतरलेला दिसतो. एका म्हातारीने तर खडा बदलला म्हणून दुकान डोक्यावर घेतलं होतं. तिच्या अंगठीला मुळात खडाच नव्हता. ती तिच्या जावेच्या अंगठीला होता. बद्रीनाथने तिला पाणी पाजलं, समजूत घातली आणि शेवटी जावेलाच बोलावून आणलं.

असल्या भानगडींवर त्याच्या वडिलांनी एक रीत घालून दिली होती. अंगठी लहान करताना जो तुकडा कापून निघतो, तो गिऱ्हाइकाचा. तो आधी काट्यावर तोलायचा, मग तिथं हजर असलेल्या एखाद्या परक्या माणसाच्या तळहातावर ठेवायचा. त्याने तो बघायचा आणि आपल्या हाताने मालकाला द्यायचा. एक हात सोनाराचा, एक मालकाचा आणि मधला तिसरा. बहुतेक वेळा तो शेजारच्या किराणावाल्या तातेरावाचा असे. त्याचा तळहात नेहमी हळदीने नाहीतर मिठाने माखलेला असायचा, म्हणून बद्रीनाथ आधी त्याला धोतराला हात पुसायला लावायचा. बापाची ही रीत पोराने तीस वर्षं मोडली नव्हती, आणि तीस वर्षांत कुणाला त्याला चोर ठरवता आलं नव्हतं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. त्या साली बद्रीनाथकडे जेवढ्या अंगठ्या लहान करायला आल्या तेवढ्या आधी कधी आल्या नव्हत्या. दुष्काळाने माणसं वाळली होती, बोटं वाळली होती. पोटाला सरकारी सुकडी आणि हाताला खडीचा हातोडा, अशा दिवसांत अंगठी कशी टिकणार? काही जणांना तो दोरा गुंडाळून वापरायला सांगायचा. "बोटं भरतीन पुन्हा, उगं कशाला कापता?" हा सल्ला त्याच्या धंद्याच्या मुळावर येणारा होता, पण तो द्यायचा.

एका बाजाराच्या दिवशी रामराव पाटील आले. त्यांचे थोरले भाऊ त्या हिवाळ्यात वारले होते आणि भावाची अंगठी वहिनीने त्यांना दिली होती. भाऊ अंगाने दांडगा, रामराव काडीसारखे. अंगठी बोटात नुसती गरगर फिरायची. बद्रीनाथने त्यांना आत बसवलं. बाहेर पायरीवर एक बाई आधीपासून बसली होती. रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी. हातांना धुळीचा पांढरा थर, आणि पदराच्या गाठीत अंगठी. तिचा नंबर खरं तर आधीचा होता. पण पाटील आल्यावर पाटलांचं आधी, हे बद्रीनाथला सांगावं लागलं नाही, आणि तिलाही नाही.

त्याने अंगठी कापली. तुकडा तोलला, चार गुंजा भरला. तिसऱ्या हातासाठी त्याने तातेरावाला हाक मारली, पण तातेरावाच्या दुकानापुढे ही गर्दी. इकडे शेगडी पेटलेली, कापलेली टोकं जुळवून ठेवलेली. बद्रीनाथने पायरीकडे पाहिलं.

"ए बाई, हात कर गं जरा."

तिने हात लुगड्याला पुसला आणि पुढे केला. त्याने चिमट्याने तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. "पाह्यला? दे आता पाटलाला." एवढं म्हणून त्याने फुंकायची नळी तोंडाला लावली आणि मान खाली घातली. सांधा जुळताना मान वर करून चालत नाही, क्षणभर नजर हलली तर सोनं वितळून ओघळतं.

त्याने मान वर केली तेव्हा अंगठी जुळली होती, पाटील आपल्या पान-सुपारीच्या चंचीचे बंद आवळत होते आणि पायरी रिकामी होती. आपली अंगठी न दाखवताच बाई निघून गेली होती. घाई असेल, असं बद्रीनाथला वाटलं. त्याने पुढे विचार केला नाही.

पुढच्या बाजाराला रामराव आले ते पायरीवरूनच ओरडत.

"बद्री, तुकडा कुठंय माझा? चार गुंजा सोनं खाल्लं तू!"

बाजारात भांडण ऐकायला माणसं कुठून गोळा होतात कोण जाणे, पण चहा निवायच्या आत दारापुढे पन्नास डोकी जमली. रामरावांचा आवाज चढलेला होता आणि चेहरा मात्र पडलेला. आठवडाभर घरात काय चाललं होतं ते त्यांच्या बोलण्यातून कळत गेलं. वहिनीने म्हटलं होतं, मालकांच्या अंगठीतून निघालेला तुकडा द्या, त्याचा मणी करून मी गळ्यात घालते. रामरावांनी घर पालथं घातलं. सदऱ्याचे खिसे, फेट्याचे पदर, उशीचा अभ्रा, सगळं. तुकडा नव्हता. वहिनीने त्या दिवसापासून दिराला वाढताना वर बघणं सोडलं होतं.

"तिला वाटून राह्यलं, म्या भावाचं सोनं दाबलं," रामराव म्हणाले. "तू मला तुकडा दिलाच न्हाई. माझ्या हाताला लागलाच न्हाई तो!"

"पाटील, म्या तोलून दिल्ता. तिसऱ्या हातावर ठुला, तुमच्या डोळ्यादेखत."

"कोणाचा हात?"

बद्रीनाथने पायरीकडे पाहिलं. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. "पायरीवर एक बाई बसली होती," एवढंच तो म्हणाला.

"कोण बाई?"

"खडीवरची."

गर्दीत कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "मंग झालं की! तिनंच मारला असंल." आणि बघता बघता सगळ्यांचं तेच ठरलं. दुष्काळातली खडीवरची बाई, हातावर आयतं सोनं, कोण सोडतं? तातेरावसुद्धा मान डोलवायला लागला. रामरावांनी बद्रीनाथकडे रोखून पाहिलं. "सांग, तिनं घेतला का? न्हाईतर तू तरी घेतला."

बद्रीनाथने फक्त मान हलवायची होती. तेवढ्यावर दुकान वाचणार होतं, बापाचं नाव वाचणार होतं. बाई कोण, कुठली, पुन्हा दिसेल न दिसेल. त्याने मान हलवली नाही. पण नाही असंही तो म्हणाला नाही. बोटांत चिमटा धरून तो नुसता शेगडीकडे बघत राहिला. त्या गप्प बसण्याची लाज त्याला पुढे जन्मभर वाटली, आणि त्याने ती लपवलीही नाही. कुणी विचारलं तर तो स्वतःच सांगायचा, "त्या टायमाला मी चोरच होतो, फक्त सोन्याचा न्हाई."

"म्या घेतला न्हाई."

आवाज गर्दीच्या मागून आला. लोक बाजूला झाले. तीच बाई. तेच धुळीचे हात आणि पदराला तीच गाठ. राहिलेल्या कामासाठी ती आली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"आन् शेटजींनी बी न्हाई घेतला," ती म्हणाली. "त्यांचा काही दोष न्हाई. त्यांनी माझ्या हातावर ठुला, म्या पाटलाला दिला."

"माझ्या हातात दिला?" रामराव कडाडले.

"हातात न्हाई." रामरावांच्या शेतावर तिच्या वस्तीतली निम्मी माणसं सुगीला जात होती. ती काय बोलते त्यावर पुढच्या सुगीचं काम होतं. "म्या हात पुढं केला, तर तुमी हात मागं घेतला. चंची उघडून धरली. म्हन्ले, टाक यात. म्या वरून टाकला. मधल्या कप्प्यात पडला, लवंगा हाय्त तिथं. पाह्यजे तर पाहा."

प्रत्येकाला कळलं होतं, पाटलांनी हात का मागे घेतला. वाड्यावरच्यांनी वस्तीतल्यांना शिवायचं नाही, हा रोजचा रिवाज होता. त्यात नवल वाटण्यासारखं कुणाला काही नव्हतं. नवल एवढंच, की कुणीतरी तो चारचौघांत बोलून दाखवला होता, आणि तेही शिवी न देता, जे घडलं तेवढंच.

रामरावांनी चंची काढली. सुपारी काढली, चुन्याची डबी काढली, मधला कप्पा उलटा केला. पाच-सहा लवंगा बद्रीनाथच्या पाटावर पडल्या आणि त्यांच्यामागून, शिवणीत अडकलेला, चिमुकला पिवळा तुकडा. बद्रीनाथने तो काट्यावर टाकला. चार गुंजा.

हाताला लागलाच नव्हता, तर रामरावांना आठवणार कसा? ते खोटं बोलत नव्हते बिचारे. त्यांनी फेटा काढला, घाम पुसला आणि खाली बघत म्हणाले, "बद्री, चुकलं माझं."

"मला नका सांगू," बद्रीनाथ म्हणाला. मग तो उठला. तीस वर्षांत गिऱ्हाइकाला आत घ्यायला तो कधी उठला नव्हता. "बाई, वर या. आत बसा तुमी. नाव काय तुमचं?"

"झुंबरबाई."

ती आत आली आणि चटईच्या कडेला बसली. गाठ सोडून तिने अंगठी पुढे केली. तिचा भाऊ रामकिसन, त्यांच्या घरातला शिकलेला पहिला माणूस, हसनाबादला मास्तर होता. पहिल्या पगारातून त्याने बहिणीला ती केली होती. खडीत ती दोनदा गळून पडली होती आणि दोन्ही वेळा अख्खी टोळी हातोडे ठेवून शोधत बसली होती. बद्रीनाथने तिचं माप घेतलं. नेहमीसारखं, दोरा गुंडाळा, बोटं भरतील, असं सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण खडीत दोरा दोन दिवस टिकला नसता. त्याने अंगठी कापली. जेमतेम गुंजभर तुकडा निघाला. टोकं जुळवून त्याने शेगडीवर ठेवली आणि सवयीने तिसऱ्या हातासाठी बाजूला पाहिलं. तातेराव लगबगीने धोतराला हात पुसायला लागला.

"आण इकडं," रामराव म्हणाले.

ते अजून गेले नव्हते. चंची काखेत मारून दारातच उभे होते. ते चटईवर बसले आणि त्यांनी तळहात पसरला. बद्रीनाथने चिमट्याने तुकडा त्यावर ठेवला आणि नळी तोंडाला लावली. पाटलांनी तो डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला. "बराबर हाय," ते म्हणाले. मग त्यांनी झुंबरबाईकडे पाहिलं.

तिच्या कमरेला तंबाखूची लहानशी पिशवी होती. सगळ्या गर्दीची नजर त्या पिशवीवर गेली. तिने ती उघडून पुढे धरली असती तर तिला कुणी काही म्हणू शकलं नसतं, रामरावांनीही नाही. तेही पिशवीकडेच बघत होते.

झुंबरबाईने हात पुढे केला. रामरावांनी तुकडा तिच्या तळहातावर ठेवला, आणि तो घरंगळू नये म्हणून तिची बोटं आपल्या हाताने मिटली.

यावेळी बद्रीनाथची मान खाली नव्हती. त्याने ते सगळं पाहिलं आणि तेवढ्या वेळात शेगडीवरचा सांधा ओघळला. अंगठीच्या मागच्या बाजूला जोंधळ्याएवढी गाठ झाली. तो हळहळला, "पुन्हा करून देतो, आत्ता देतो," म्हणाला. झुंबरबाईने अंगठी बोटात घालून पाहिली. बसली होती.

"राहू द्या, शेटजी," ती म्हणाली. "दुसऱ्याची असती तर सांधा सोडून मान वर केली असती का तुमी? ऱ्हाऊ द्या तेवढी खूण."

त्यानंतर ती बाजाराला आली की चटईवर बसायची, आणि कितीदा तरी तिसरा तळहात तिचाच असायचा. बद्रीनाथने ती गाठ कानशीने घासून द्यायची परवानगी तिच्याकडे दरवर्षी मागितली. तिने ती कधी दिली नाही. त्याच्या दुकानातून बिघडून गेलेली ती एकच अंगठी, आणि तिच्यावरून भांडायला कधी कुणी आलं नाही.