चार नंबरचं मशीन

आमच्या रक्तपेढीत साहेबांना सगळे रिमोट म्हणायचे, अर्थात पाठीमागे. रक्त घेताना पिशवी ज्या मशीनवर हलत असते, ती सगळी मशीनं त्यांनी मोबाइलला जोडून घेतली आणि तेव्हापासून पेढीत पाऊल टाकणं जवळजवळ सोडलं. घरून, हॉटेलातून, कुणाच्या लग्नातूनसुद्धा ते बघत असायचे. रक्त नीट वाहतंय तोवर हिरवा दिवा, रखडलं की पिवळा, फारच उशीर झाला की लाल. लाल झालेली पिशवी महिन्याच्या अहवालात जायची, आणि साहेबांच्या अहवालात लाल कधी दिसायचं नाही. कारण पिवळा दिसला रे दिसला की ते तिथूनच बोट लावून मशीन बंद करायचे. पिशवीतलं रक्त गोठू न देणारं औषध भरलेल्या पिशवीच्या मापाचं असतं, म्हणून अर्धी भरलेली थेट कचऱ्यात. रक्त द्यायला आलेला माणूस ओशाळून घरी.

एकदा मी म्हटलं, "साहेब, तो माणूस घाबरला होता. जरा थांबला असतात तर भरली असती पिशवी."

"सिस्टर, मला माणसं सांगू नका, नंबर सांगा."

त्यानंतर स्क्रीनवरून रक्तदात्यांची नावंच गेली. बंद केलेलं मशीन पुन्हा चालू करायची आमची मुभाही गेली. मला या माणसाचा मनापासून राग यायचा, आणि तो लपवायच्या भानगडीत मी कधी पडले नाही.

वहिनी, म्हणजे साहेबांची बायको, मात्र लाख माणूस. पेढीत आल्या की आमच्या पोराबाळांची नावानिशी चौकशी करायच्या. त्यांचं पोटाचं ऑपरेशन रक्तावाचून अडलं होतं. गट इतका दुर्मीळ की सगळीकडे शोधाशोध करून एकच माणूस हाती लागला, परगावचा एक बसड्रायव्हर. दुपारी यायचा तो सकाळीच दारात उभा. साहेब वहिनींच्या उशाशी बसले होते. मी फोन लावला, त्यांनी कापला. फोन आला की स्क्रीन झाकली जाते, म्हणून आमचे फोन ते कापायचेच. मेसेज टाकला, तो उघडला नाही.

ड्रायव्हरची शीर बारीक. चार नंबरच्या मशीनवर पिशवी निम्मी झाली आणि दिवा पिवळा झाला. वेळ अजून हातात होता.

"दाबा भाऊ, चेंडू दाबत राहा," मी म्हणत होते, दुसऱ्या हाताने फोन लावत होते. तो जीव तोडून दाबत होता. खट् झालं आणि नळी बंद पडली.

आता त्यांनी फोन उचलला. "चार नंबर किती रखडवलात? मी बंद केलंय. द्या टाकून."

"साहेब, चार नंबरवर वहिनींचा माणूस होता."

साहेब म्हणाले, "चालू करा परत."

"आम्हाला करता येत नाही. तुम्हीच काढून घेतलंत ते. आणि आता काही महिने या माणसाचं रक्त घेता येणार नाही."

मला कीव यायला हवी होती. नाही आली.

मागून वहिनींचा थकलेला आवाज आला, "सिस्टर का? विचारा ना, माणूस पोचला का?"

"पोचला," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.